पेटॅयॅवेसीत लाकडी छप्पर करायला शिकले ते

युवॅस्क्युलॅ शहराच्या पश्चिमेला साधारण 35 किलोमीटरवर पेटॅयॅवेसी आहे, मध्य फिनलंडमधली एक छोटी ग्रामीण नगरपालिका, लोकसंख्या चार हजारसुद्धा नाही आणि त्यातले पण बरेच जण गावठाणात न राहता तळ्यांच्या काठाने, जंगलात, शेताच्या कडेला एकेकटी घरं करून राहतात. बाहेरचे लोक इथे येतात ते मुख्यतः जुनं लाकडी चर्च बघायला, 1763 ते 1765 मधे बांधलेलं, 1994 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. बस येते, लोक उतरतात, फोटो काढतात, अर्ध्या तासात निघतात. मीही पहिल्यांदा नवऱ्याबरोबर अशीच जाऊन आले होते आणि छान वाटलं होतं, पण ते चर्च मला खरं कळलं ते तसलं छप्पर स्वतःच्या हाताने करायला शिकल्यावर. हिवाळ्यात लाकूड निवडण्यापासून ते जुलैत डांबर लावेपर्यंत सगळं केलं, ते सविस्तर लिहितेय कारण मराठीत याबद्दल मला कुठेच काही सापडलं नाही.

आधी कोर्सबद्दल. फिनलंडमधे जवळजवळ सगळीकडे कान्सालाइसओपिस्तो नावाची प्रौढांसाठीची शाळा असते, फी अगदी कमी कारण सरकार आणि नगरपालिका पैसे घालतात, आणि तिथे फिनिश भाषेपासून विणकाम, सुतारकाम, चित्रकला, मशरूम ओळखणं असं काय वाट्टेल ते शिकवतात, बहुतेक संध्याकाळी किंवा शनिवारी. इथला हिवाळा लांब आणि काळोखा, डिसेंबरात दुपारी तीनला अंधार पडतो, त्यामुळे लोक या क्लासेसना खरंच मनापासून जातात. मी जॉबमधे दिवसभर स्क्रीनसमोर असते, हाताला काहीतरी काम पाहिजे होतं, आणि कॅटलॉग चाळताना दिसलं की 'पानु' कसे करायचे ते शिकवणार आणि उन्हाळ्यात तळ्याकाठच्या एका जुन्या होडीघरावर नवीन छप्पर घालणार. पानु म्हणजे छपरावर लावायच्या लाकडी फळ्या, हातभर लांब, चपट्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचतात. मी लगेच नाव नोंदवलं.

लगेच का नोंदवलं ते पण सांगते. माझं माहेर राजापूर तालुक्यात, घर कौलारू. दरवर्षी मे महिन्यात बाबा घर शाकारायचे, सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा तपासायच्या, कुजलेली बदलायची, वासे ठोकून बघायचे कुठे वाळवी लागलीय का, आणि मग परत सगळं चढवायचं, पाऊस यायच्या आत. आम्ही भावंडं खाली रांगेत उभं राहून कौलं हातोहात द्यायचो. त्यामुळे छप्पर ही दरवर्षी हात लावायची गोष्ट आहे हे मला कोणी शिकवावं लागलं नाही, पण लाकडाचं छप्पर, ते पण बर्फाच्या देशात, हे मात्र डोक्यात बसत नव्हतं. लाकूड कुजत कसं नाही? पाणी आत शिरत कसं नाही? हे प्रश्न घेऊनच गेले.

शिकवणारे एक सत्तरीचे गृहस्थ होते, आयुष्यभर सुतारकाम केलेले. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, शिक्षकांना पण, सर वगैरे काही नाही, पण मला ते जमेना म्हणून मी मनातल्या मनात त्यांना मास्तरच म्हणायचे, इथेही तसंच लिहिते. मास्तर बोलायचे कमी. वाक्य संपलं की थांबायचे, आणि आपण पण थांबायचं, मधलं गप्प राहणं भरून काढायची घाई करायची नाही, हे फिनलंडमधे कोणाही वयस्कर माणसाकडून शिकताना लक्षात ठेवा, ते थांबतात तेव्हा पुढचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य येत असतं.

पहिला शनिवार तर आम्ही हत्यार हातातच घेतलं नाही. जंगलात गेलो, गुडघाभर बर्फ, आणि मास्तर एकेका पाइनच्या झाडाशी थांबून साल दाखवत होते. सालीवरच्या भेगा सरळ वर जातात की खोडाभोवती हळूहळू वळत जातात ते बघायचं. वळत असतील तर आतल्या रेषा पण पिळलेल्या, त्या लाकडाची फळी फाडली तर पंख्याच्या पात्यासारखी वाकडी निघणार, छपरावर सपाट बसणारच नाही. मग झाड किती हळू वाढलंय ते. खडकाळ, दाटीच्या जागी वाढलेलं झाड हळू वाढतं, त्याची वलयं एकमेकांना चिकटून असतात, तसलं लाकूड जास्त टिकतं. भरपूर ऊन आणि चांगली माती मिळून भराभर वाढलेलं झाड दिसायला गुबगुबीत पण छपराला उपयोगाचं नाही. आणि खालचा भाग हवा, जिथे फांद्या नाहीत, म्हणजे गाठ नाही. जंगलातली किती झाडं नाकारली विचारू नका, आणि मास्तर नाकारताना प्रत्येक वेळी खोडावर एकदा हात ठेवायचे आणि मग पुढे जायचे. हिवाळ्यातच का तोडायचं तर तेव्हा झाडाची वाढ थांबलेली असते, आणि गोठलेलं ओलं लाकूड फार सुंदर फाटतं. हे मी नंतर स्वतः अनुभवलं, उणे पंधराला हातमोजे घालून उघड्यावर काम करताना कडाक्कन आवाज येऊन ओंडका दोन भागात उघडतो तेव्हा आतून राळेचा असा वास येतो की थंडीबिंडी सगळं विसरायला होतं.

फाडणं. हा या सगळ्यातला गाभा आहे आणि यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. पानु करवतीने कापत नाहीत, फाडतात. कारण साधं आहे पण मला आयुष्यात कधी सुचलं नसतं: करवत लाकडाच्या रेषा पाहत नाही, ती सरळ जाते आणि वाटेत येणारे तंतू तोडते, आणि प्रत्येक तुटलेला तंतू म्हणजे एक उघडं तोंड, तिथून पाणी आत जातं आणि तिथून कुजायला सुरुवात होते. फाडताना लाकूड स्वतःच्या रेषेने उघडतं, तंतू अख्खे राहतात, पाणी वरून घरंगळून जातं. म्हणजे माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

करायचं असं. हातभर लांबीचा ओंडका उभा ठेवायचा, लांब पात्याचा फाळ मधोमध ठेवून वरून लाकडी हातोड्याने मारायचं, दोन अर्धे. मग अर्ध्याचे अर्धे, त्याचे परत अर्धे. नेहमी अर्ध्यातच फाडायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं लाकूड राहतं आणि चीर सरळ जाते. एका बाजूला पातळ आणि दुसरीकडे जाड असं फाडायला गेलं की चीर पातळ बाजूकडे पळते आणि फळी वाया. पण पळायला लागलेली चीर परत आणता येते, ही मास्तरांनी दाखवलेली युक्ती मला अजून जादूच वाटते: फाळ आत अडकवून ठेवायचा आणि जाड बाजूला वाकवायचं, दाब जाड बाजूवर द्यायचा, की चीर हळूहळू वळून मधे येते. जोर लावायचा नाही, ऐकायचं, लाकूड चिरत जाताना आवाज बदलतो. आमच्यात एक नर्स होत्या, रात्रपाळी करून थेट क्लासला यायच्या, त्यांचा हात यात सगळ्यात चांगला होता, मास्तरांनी एकदा त्यांची फळी उचलून सगळ्यांना नुसती दाखवली, बोलले काही नाहीत, नर्सबाईंचा चेहरा दिवसभर उजळलेला होता.

मग तासणं. एक लांब बाक असतो, त्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, पायाने खालचा दांडा ढकलला की वरचा लाकडी जबडा फळीला धरून ठेवतो, आणि दोन्ही टोकांना मूठ असलेली सुरी दोन हातांनी आपल्याकडे ओढायची. वरचं टोक पातळ, खालचं थोडं जाड, आणि खालच्या टोकाला आकार द्यायचा. आमच्या होडीघराला टोकदार ठरले होते. काम करताना पायाशी सालपटांचा ढीग होतो, ती वाया जात नाहीत, सौना, म्हणजे इथली गरम वाफेची खोली, पेटवायला जातात. खांदे सुरुवातीला खूप दुखले, मग शरीर आपोआप शिकतं, कंबरेतून मागे जायचं, हाताने खेचायचं नाही. तासून झालेल्या फळ्या आडव्याउभ्या रचून, वर वजन ठेवून, शेडमधे वसंतापर्यंत वाळायला ठेवल्या.

मे महिना येईपर्यंत तळ्यावरचं बर्फ गेलं. इथे हे एकदम होतं, आठवडाभरापूर्वी काळपट करडं, मधेच पांढरं, आणि मग एका सकाळी नुसतं पाणी. हिवाळाभर ज्या तळ्यावर लोक चालत होते, भोकं पाडून मासे धरत होते, स्की करत होते, तिथे आता होड्या. हे लक्षात आल्याशिवाय चर्च तिथे का आहे ते समजत नाही.

कारण चर्च गावाच्या आताच्या मध्यात नाही. ते दोन तळ्यांच्या मधे पुढे आलेल्या जमिनीच्या जिभेवर आहे, एका बाजूला सोलिक्कोयार्वी, दुसऱ्या बाजूला यॅम्सॅनवेसी. आज गाडीने येणाऱ्याला ही जागा आडबाजूला वाटते, पण ज्यांनी जागा निवडली त्यांच्यासाठी रस्ता म्हणजे पाणी होतं. उन्हाळ्यात होड्या वल्हवत, हिवाळ्यात बर्फावरून घसरगाडीने किंवा स्कीवर, लांबलांबच्या वाड्यांवरून लोक रविवारी इथे पोचायचे. सगळ्यांना पाण्यावरून पोचता येईल अशी जागा तीच.

जूनमधे चर्च उन्हाळ्यासाठी उघडल्यावर मास्तर आम्हाला तिथे घेऊन गेले. तिकीट काढून आत गेलो, आणि त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे भिंतीवर नजर ठेवा, वर नंतर बघू. पाइनचे ओंडके कुऱ्हाडीने सपाट केलेले, एकावर एक आडवे, कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले. रंग नाही, वार्निश नाही. अडीचशेहून जास्त वर्षांत ते लाकूड स्वतःच मधाच्या रंगाचं झालंय, आणि खिडकीतून ऊन आलं की अख्खी भिंत आतून पेटल्यासारखी दिसते. कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतात, हात लावावासा वाटतो, पण लावायचा नाही.

मग त्यांनी नकाशा समजावला. चर्च क्रॉसच्या आकाराचं आहे, चारही हात सारख्या लांबीचे. युरोपातल्या रेनेसान्स काळातल्या दगडी चर्चचा हा आराखडा, पण इथे त्याचं एक साधं सुतारी कारण पण आहे. ओंडक्यांची लांब सरळ भिंत उभी केली तर ती मधे फुगते, आणि झाडाच्या लांबीलाही मर्यादा असते. क्रॉस केला की प्रत्येक भिंत छोटी होते आणि बारा कोपरे मिळतात, प्रत्येक कोपरा पुढच्या भिंतीला धरून ठेवतो. म्हणजे मोठी जागा, पण एकही भिंत एकटी नाही. आणि आता वर बघा म्हणाले. वर कमानी छत, मधोमध आठ बाजूंचा घुमट. दगडी चर्चमधे असतात तशा कमानी, पण सगळं लाकूड. ज्यांनी हे केलं त्यांनी दगडी चर्चची कल्पना घेतली आणि आपल्याला येतं त्यात करून दाखवली. कमानींवर आणि तुळयांवर लाल मातीच्या रंगात साधी नक्षी आहे, फार नाही, जिथे नजर थांबेल तिथेच.

बांधणारा माणूस याक्को क्लेमेटिनपोइका लेप्पॅनेन, वेसांका गावचा, जे आज युवॅस्क्युलॅच्याच हद्दीत येतं. आर्किटेक्ट नाही, गावाकडचा बांधकाम मास्तर, आणि हाताखाली आजूबाजूचे शेतकरी. तेव्हा फिनलंड देश नव्हता, स्वीडनच्या राज्याचा भाग होता. पुढे 1821 मधे त्याच्या नातवाने, एर्क्की लेप्पॅनेनने, घंटाघर बांधलं आणि ते चर्चला जोडलं, आजोबाच्या कामाला नातवाने हात लावला आणि तरी दोन्ही एकाच हाताचं वाटतं, हे मला फार मोठं वाटलं.

आत एक जागा आहे जिथे मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले, ती म्हणजे प्रवचन देण्याचं उंच व्यासपीठ. ते खालून एका लाकडी माणसाने खांद्यावर उचलून धरलंय, तो संत ख्रिस्तोफर, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा. आपल्याला बघताक्षणी वसुदेव आठवतो. वर पंख असलेले देवदूत कोरलेत. हे लुथरन चर्च आहे, जिथे संतांची पूजा वगैरे काही करत नाहीत, तरी गावच्या कोरणाऱ्याने व्यासपीठ उचलायला त्यालाच उभं केलं, आणि तळ्यांच्या या गावात पाणी ओलांडून नेणारा माणूसच योग्य होता असं मला मनापासून वाटतं. चेहरा सुबक नाहीये, नाक मोठं, डोळे गोल, पण त्याच्यावर भार आहे हे दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कुठल्या माहितीफलकाने इतकी स्पष्ट सांगितली नव्हती. 1879 मधे गावात नवीन चर्च झालं आणि हे जुनं वापरातून गेलं. घंटाघर आणि भोवतीचं कबरस्तान वापरात राहिलं, पण चर्च रिकामं. मास्तर म्हणाले, म्हणून ते राहिलं. नाहीतर त्या काळात सगळीकडे जे झालं तेच झालं असतं, आत रंग दिला असता, बाहेरून फळ्या मारल्या असत्या, उबेसाठी शेगड्या घातल्या असत्या, खिडक्या बदलल्या असत्या. इथे आजही हीटिंग नाही. रिकामं पडलं म्हणून कोणी सुधारलं नाही. मग 1920 च्या दशकात व्हिएन्नाचे कलेतिहासकार योसेफ स्ट्रझिगोव्हस्की यांचं लक्ष याकडे गेलं, त्यांनी हे किती मोलाचं आहे ते सांगितलं आणि त्यानंतर दुरुस्ती सुरू झाली. पण नुसतं रिकामं सोडून काहीही टिकत नाही, विशेषतः लाकूड, हेही मास्तरांनी तितक्याच ठामपणे सांगितलं, छप्पर गळायला लागलं की ओंडक्यांची भिंत वरून खाली कुजत येते. त्यामुळे आज जे आपण बघतो ते दोन्हींमुळे, एका पिढीने हात लावला नाही म्हणून आणि पुढच्या पिढ्यांनी योग्य तिथेच हात लावला म्हणून. मला हे ऐकून आपल्याकडची कितीतरी लाकडी सभामंडप असलेली देवळं आठवली, कोकणात तर गावोगाव होती, कोरीव खांबांची, आणि ती पैसे आल्यावर पाडून तिथे स्लॅब आणि टाइल्स झाल्या. ज्यांनी केलं त्यांनी श्रद्धेनेच केलं, वाईट हेतूने नाही. पण ते खांब गेले ते गेले, आणि मला त्याचं खूप वाईट वाटतं, हे मी त्या चर्चमधे उभी राहून पहिल्यांदा नीट कबूल केलं.

बाहेर येऊन आम्ही छपराकडे बघत राहिलो. उंच, उतरतं, लाकडी फळ्यांच्या ओळीच ओळी. आता मला दिसत होतं की प्रत्येक फळीमागे एक झाड निवडलं गेलंय. चर्चच्या छपराला अर्थात आमच्यासारखे शिकाऊ हात लावत नाहीत, तिथली प्रत्येक दुरुस्ती पुरातन वास्तूंच्या सरकारी खात्याच्या देखरेखीत होते. आमचं होडीघर वेगळं, छोटंसं, तळ्याच्या काठावर.

होडीघराचं काम ताल्कोतमधे झालं, म्हणजे गावकीने मिळून फुकट करायचं काम, ज्याचं काम आहे त्याने खायला घालायचं. कोर्सवाले होतोच, शेजारपाजारचे पण आले, ज्यांना चढता येत नाही त्यांनी कॉफी आणि वेलदोड्याचे पाव सांभाळले. वेलदोडा या लोकांना इतका प्रिय आहे की मला इथे पहिल्या वर्षी त्यानेच आधार दिला. फळ्या लावायला खालून, वळचणीपासून सुरुवात. प्रत्येक ओळीतली फळी खालच्या ओळीतल्या दोन फळ्यांच्या फटीवर यायला हवी, आणि ओळी अशा चढवायच्या की छपरावर कुठेही बोट ठेवलं तर खाली तीन थर असतील. खिळा वरच्या ओळीखाली झाकला जायला हवा, उघडा खिळा म्हणजे पाण्याला वाट. फळी गाभ्याकडची बाजू वर करून लावायची, कारण वाळताना ती त्या बाजूला किंचित फुगीर होते आणि पाणी दोन्हीकडे ओघळतं. आणि दोन फळ्यांमधे बारीकशी फट ठेवायची, पावसात लाकूड फुगतं, जागा नसेल तर एकमेकांना उचलून टाकतात. या फटी बघून मला सुरुवातीला भीती वाटली होती की इथून गळणार, पण तीन थरांमुळे गळत नाही, उलट फटींतून वारा खेळतो आणि लाकूड लवकर वाळतं. ओलं होणं हा लाकडाचा शत्रू नाही, ओलं राहणं हा आहे. माझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे.

राहिलं डांबर. आपल्याकडे डांबर म्हणलं की रस्ता आठवतो, हे ते नाही. हे पाइनच्या राळेने भरलेल्या लाकडातून आणि बुंध्यांतून काढलेलं, उतारावर नरसाळ्यासारखा खड्डा करून त्यात लाकूड रचतात, वरून माती आणि गवताची ढेकळं टाकून झाकतात आणि आत कित्येक दिवस हळूहळू धुमसत ठेवतात, मग खालून तपकिरी दाट रस निघतो. सतराव्या अठराव्या शतकात याच डांबरावर फिनलंडचा व्यापार चालायचा, युरोपातल्या जहाजांना आणि दोरखंडांना तेच लागायचं. आम्ही ते विकत आणलेलं होतं, पण वास तोच. पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून गरम करायचं, थेट आगीवर नाही, पेट घेतं. त्यात लाल माती मिसळायची, ती उन्हापासून लाकूड वाचवते. आणि दिवस निवडायचा कडक उन्हाचा, आधीचे काही दिवस पण कोरडे गेलेले, म्हणजे लाकूड तापलेलं असतं आणि डांबर आत ओढून घेतं. आमचा जुलैचा दिवस फार छान मिळाला. ब्रशने वरून खाली लावत यायचं, फळीच्या खालच्या टोकाला जास्त पाजायचं कारण पाणी शेवटी तिथे थांबतं. संध्याकाळी आठ वाजता पण ऊन तसंच होतं आणि होडीघर लालसर तपकिरी चमकत होतं, आणि आमचे हात पण.

ते हात साबणाने निघत नाहीत, आधी तेल चोळावं लागतं. मग सौना, मग सरळ तळ्यात. फिनिश लोकांत एक म्हण आहे की सौना, दारू आणि डांबर यांनी जो आजार बरा होत नाही तो मरणाचाच. डांबराच्या वासाचा शांपू आणि गोळ्यासुद्धा इथल्या दुकानात मिळतात, आधी मला ते विचित्र वाटायचं, आता तो वास आला की मला बरं वाटतं.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, पण पावसाच्या आवाजाने ते जागेच होते. मी छप्पर दाखवलं, थर कसे, फट कशी, खिळा कुठे. त्यांनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, "वळचण किती पुढे काढलंय गो? भिंतीवर पाणी उडता नये." मी मोजून सांगितलं. मग म्हणाले, "आणि ह्ये परत कधी करायचा?" मी सांगितलं की पहिलं डांबर लवकर उडतं, त्यामुळे दोनेक उन्हाळ्यांत परत एक हात, मग काही वर्षांनी एकदा. त्यांना ते बरोबर वाटलं. मग म्हणाले मास्तरांना विचार, वाळवी लागते का तिकडे. मी विचारलं, मास्तर म्हणाले वाळवी नाही, पण शेवाळ येतं, सावलीच्या बाजूला, ते दरवर्षी मऊ झाडूने काढायचं, आणि छपरावर पडलेल्या पाइनच्या सुया पण, कारण त्या ओल धरून ठेवतात. पुढच्या कॉलला बाबांना ते सांगितलं.

कोणाला जायचं असेल तर: युवॅस्क्युलॅहून हापामॅकीकडे जाणारी छोटी रेल्वे पेटॅयॅवेसीला थांबते, ही लाइन 1897 ची आहे, दिवसाला मोजक्याच गाड्या असतात म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. स्टेशनवरून चर्चपर्यंत चालत जाता येतं. चर्च आतून बघायचं तर जून ते ऑगस्ट, बाकी वर्षभर बाहेरून फिरता येतं, पण भोवती कबरस्तान आहे, तिथल्या लोकांचे आजी-आजोबा तिथे आहेत, त्या भानाने फिरा. आत स्वेटर लागतो, बाहेर ऊन असलं तरी. दिवस हातात असेल तर पुढे केउरू गाव आहे, तिथलं जुनं लाकडी चर्च 1758 चं, याच्या थोडं आधीचं, आणि आतून भरपूर रंगवलेलं, दोन्ही एकाच दिवशी बघितली तर फरक फार चांगला कळतो. गावात रेडिओ आणि टेलिफोनचं छोटं म्युझियम आहे, मुलं बरोबर असतील तर जरूर न्या. जून-जुलैत डास खूप, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि ज्यांना छपराचं काम शिकायचंय त्यांनी आपल्या भागातल्या कान्सालाइसओपिस्तोचा कॅटलॉग ऑगस्टमधेच बघावा, असे कोर्सेस शरद ऋतूत भरतात आणि जागा थोड्या असतात. फिनिश फार चांगलं यायला पाहिजे असं नाही, बघून कळतं, फक्त हातमोजे स्वतःच्या मापाचे आणा.